दीड दिवसाचा गणपती

रत्नागिरीत भाड्याने घर शोधणाऱ्याला कोणी जात विचारत नाही. छे, एवढे मागासलेले आपण आहोत का? विचारतात ते गाव. गाव सांगितलं की तालुका, तालुका सांगितला की "म्हणजे खाडीच्या अलीकडे की पलीकडे?" आणि मग अगदी सहज, चहाचा कप पुढे सरकवता सरकवता, "वाडी कुठली तुमची?" कोकणात वाडी सांगितली की माणसाला स्वतःबद्दल आणखी काही सांगावं लागत नाही. त्याने बौद्धवाडी म्हणायचा अवकाश, समोरच्याला एकदम आठवतं की हे घर आपण पुतण्याला द्यायचं कबूल करून बसलोय.

संदेश मोहिते एकोणीस वर्षं या पुतण्यांबद्दल ऐकत आला होता. एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो सहायक. पंचेचाळिशीचा, बारीक अंगाचा, बोलणं हळू, बोटांवर कसले ना कसले डाग. मुलांनी फोडलेल्या काचेच्या नळ्यांबद्दल प्राध्यापकांची बोलणी खायची आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, यात त्याचा दिवस जायचा. नोकरी कायम, पगार वेळेवर, व्यसन साध्या सुपारीचंही नाही. याच्याहून सरळ भाडेकरू घरमालकांना शोधून सापडला नसता. तरी एकोणीस वर्षांत त्याची सात घरं झाली. जिथे कोणालाच राहायचं नसतं तिथली घरं त्याला लगेच मिळत. एक कुवारबावला हायवेला चिकटून, तिथे ट्रकने गिअर बदलला की फडताळातली भांडी वाजायची. एक वेल्डिंगच्या दुकानाच्या डोक्यावर. एक असं की पावसाळ्यात स्वयंपाकघरातून पाण्याचा ओहोळ जायचा आणि मालक म्हणायचा, "चार महिन्यांचाच तर प्रश्न आहे."

एकदा नाचणे रोडला एका बंगल्याच्या गेटवर 'वरचा मजला भाड्याने देणे आहे' अशी पाटी बघून तो आत गेला. मालकाने पंखा लावला, पाणी दिलं, गाव विचारलं, वाडी विचारली आणि म्हणाला, "अरेरे, कालच दिला हो." ती पाटी पुढे सव्वा वर्ष तिथेच होती. कॉलेजला जाता-येता संदेश रोज वाचायचा. पावसाने अक्षरं पुसट झाली तेव्हा मालकाने ती पुन्हा रंगवून घेतली. माणसाने यावर संतापायचं नाही तर काय करायचं? पण संतापून जायचं कोणाकडे? मालक तर इतका गोड बोलला होता.

आठवं घर मिळालं ते फोनवर. मालक हर्षद नागवेकर डोंबिवलीला, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. साळवी स्टॉपच्या आतल्या बाजूला, एका शांत कॉलनीत त्याने आईच्या नावावर टुमदार घर बांधलं होतं आणि ते वर्षभर बंद पडून राहायचं. संदेशने आडनाव सांगितलं तसा हर्षद खुलला. "मोहिते? वा, म्हणजे आपलेच की! गाव?" "गुहागरकडे, खोलवली." "छान, छान. तवसाळच्या पुढे ना? आमच्या आईचं माहेर गुहागर." तेवढ्यात त्याची कसलीशी मीटिंग सुरू झाली आणि वाडीचा प्रश्न राहून गेला.

त्या 'आपलेच'वर संदेश काही बोलला नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं तो स्वतःला बजावत राहिला. विचारलंच नाही, त्याला तो काय करणार?

अट एकच होती. गणपतीत नागवेकरांचं सगळं कुटुंब मुंबईहून रत्नागिरीला येतं, अकरा दिवसांचा गणपती बसवतं. तेवढे दिवस घर मोकळं करून द्यायचं. भाडेकरूने आपलं सामान मागच्या खोलीत लोटून कुलूप घालायचं, मासे-मटणाची भांडी वेगळी बांधून ठेवायची, घर धुऊन-पुसून किल्ली द्यायची. "तुम्हीसुद्धा गणपतीला गावी जाणारच ना, मग प्रश्नच नाही," हर्षद म्हणाला. मुंबईकरांची अशी घरं रत्नागिरीत गल्लोगल्ली आहेत आणि ही अट सगळेच घालतात. कोकणात गणपतीला गावी जात नाही असा माणूस त्यांच्या कल्पनेतच नसतो.

संदेश म्हणाला, "हो."

घर मात्र होतं सुरेख. चिऱ्याचं कंपाउंड, पुढे ओटी, मागे परसात शेजाऱ्यांच्या फणसाची सावली. दुपारी एखाद्या कुकरची शिटी ऐकू यायची आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. पहिल्या दुपारी संदेशची बायको आम्रपाली नुसती ओटीवर बसून राहिली. ती घरी ब्लाउज शिवायची. सात घरांत तिचं मशीन कधी पलंगामागे, कधी मोरीच्या दाराशी अडकवून ठेवलेलं. इथे तिने ते खिडकीपाशी मांडलं. परसात अळू लावलं, गवती चहा लावला. मुलगी तेजल तेव्हा आठवी संपवून नववीत गेलेली. तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं टेबल मिळालं आणि हायवेच्या ट्रकशिवाय झोप येईना म्हणून दोन रात्री ती जागीच राहिली, त्यावर तिघंही पोट धरून हसली.

किल्ल्या द्यायला हर्षद आला तेव्हा संदेशने ओळख करून दिली, "ही मुलगी तेजल, आणि या मिसेस." तो गेल्यावर आम्रपालीने विचारलं, "माजा नाव सांगायला लाज वाटली तुमाला?" संदेश म्हणाला, "तसं नाही गं." त्या नावावरूनच वाडी कळली असती, हे त्याला म्हणवेना.

पहिल्या वर्षी गणपतीआधी त्यांनी सामान लोटलं, भांडी बांधली, घर धुतलं आणि तिघं खोलवलीला गेली. तिथे संदेशची आई, चिमा, एकटीच राहायची. त्यांच्या घरात गणपती नव्हता, कधी नव्हताच असं नाही. धर्मांतर झालं तेव्हा संदेशच्या आजोबांनी देव्हाऱ्यातले सगळे देव टोपलीत घातले आणि स्वतःच्या हाताने खाडीत सोडून आले. वाडीतल्या पोराटोरांना ही गोष्ट पाठ होती. आता घरात बाबासाहेब आणि बुद्ध यांच्या तसबिरी होत्या आणि गणपतीतले अकरा दिवस भाताकडे बघण्यात आणि वरच्या वाडीतली भजनं ऐकण्यात जायचे.

बाराव्या दिवशी तिघं परत आली तेव्हा नागवेकर मंडळी गाडीत सामान भरत होती. हर्षदची आई, यमुनाबाई, ओटीवर उभी. ठसठशीत बांध्याची, पंच्याहत्तरीची, बोलायला मोकळी. तिने तेजलच्या हातात करंज्यांचा डबा ठेवला आणि संदेशला विचारलं, "कसा झाला गणपती? तुमचा किती दिवसांचा असतो?"

तेवढ्यात डिकीशी उभा असलेला हर्षद म्हणाला, "गुहागरकडे बहुतेक दीड दिवसाचाच असतो गं आई. दीड दिवसाचा ना हो मोहिते?"

आणि संदेश म्हणून गेला, "हो, दीड दिवसाचा."

तीन शब्द. आम्रपाली पिशव्या घेऊन मागेच उभी होती. ती तशीच आत गेली आणि त्या करंज्यांना तिने हात लावला नाही. संध्याकाळी नागवेकर मंडळी गेल्यावर म्हणाली, "दीड दिवसाचा गणपती आनलात तो बसवलात खंय? तसबिरीच्या पुढ्यात का मागं?" संदेश तडकला. "तू दे मग घर शोधून! तू सांग वाडी, आणि बघ किती मिळतात!" ती म्हणाली, "मी सांगितली असती." आणि खरोखर तिने सांगितली असती, हे माहीत असल्यामुळेच संदेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलीसमोर आजोबांची गोष्ट अभिमानाने सांगणारा बाप, त्याच मुलीसमोर नसलेल्या गणपतीचे दिवस सांगून मोकळा झाला होता. त्याला स्वतःची शिसारी आली. पण घरही हवंच होतं. दोन्ही गोष्टी एकाच पोटात घेऊन तो वर्षभर त्या शांत कॉलनीत राहिला.

दुसऱ्या वर्षी करार पुन्हा झाला. तेजल दहावीत गेली. तिच्या टेबलावर भिंतीला तिने वेळापत्रक चिकटवलं, मार्चपर्यंतचं. आम्रपालीकडे कॉलनीतल्या चार-पाच बायका शिवायला टाकू लागल्या होत्या. काही झालं तरी मार्चपर्यंत हे घर सुटता कामा नये, एवढं एकच संदेशने मनाशी धरलं होतं.

गणपतीला दोन आठवडे राहिले असताना हर्षदचा फोन आला. "मोहिते, यंदा दुसऱ्या दिवशी आईला माहेरी न्यायचंय, गुहागरला. जयगडला फेरीबोट पकडतो, तवसाळला उतरतो. तुमचं गाव रस्त्यातच. आई म्हणते, जाता जाता मोहित्यांच्या गणपतीचं दर्शन घेऊ. दुपारी तुमचं विसर्जन ना? त्याआधी पोचतो. फक्त चहा टाका."

गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्याला नको म्हणायची सोय कोकणात नाही. घर पडकं असो, हातात पैसा नसो, येणाऱ्याला या म्हणायचं. एक सुतक तेवढं आडवं येतं. संदेशने दोन दिवस विचार करून कोण दूरचा चुलता मेला म्हणून सांगता येईल याचा अंदाज घेतला. आम्रपालीला कळलं तशी ती म्हणाली, "आता मानसापन मारा." मग तोही मार्ग बंद झाला.

गावी पोचल्यावर पहिल्याच दिवशी त्याला शाळेच्या कट्ट्यावर गौरव भेटला. गौरव मोहिते त्याचा शाळेतला सोबती, मुंबईला कुरिअरच्या ऑफिसात, गणपतीला न चुकता येणारा. खोलवलीत मोहिते दोन. वरच्या मोहितेवाडीतले मराठा मोहिते आणि खालच्या बौद्धवाडीतले हे मोहिते. आडनाव एकच, विहिरी मात्र दोन. संदेशने सगळं सांगितलं. गौरव मांडीवर थाप मारून हसला.

"येवढाच ना? आन त्यांना आमच्याकडं! आमचापन दीड दिवसाचाच हाय. तू पुढं हो, या बसा कर. मी जातंय मागल्या दारानं गोठ्यात. मोहिते ते मोहिते, त्यांना काय कळतंय?"

संदेशला गहिवरून आलं. इतकं सोपं होतं तर! मग गौरव जरा घुटमळला. "फकस्त आरतीच्या ताटाला हात लावू नको हां. माजा काय नाय, पन आई जरा जुन्या वळनाची हाय. समजून घे."

संदेशने समजून घेतलं. समजून घ्यायची त्याला इतकी सवय होती की मान आपोआप हलली. घरी येऊन त्याने बेत सांगितला तेव्हा आम्रपाली भाकरी थापत होती. ती मागे वळलीदेखील नाही. "तुमी जावा. मी माज्या घरात बसनार," एवढंच म्हणाली. चिमाआईला अर्धवट ऐकू गेलं होतं. तिला एवढंच कळलं की रत्नागिरीचे पाहुणे येणार. तिने शेजारून सहा कपबशा मागून आणल्या, अंगण सारवलं, आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून चुलीवर चहाचं आधण ठेवून बसली. तिला नाही म्हणायचं संदेशच्या जिवावर आलं.

साडेदहाला तो तिठ्यावर जाऊन उभा राहिला. तिथून डांबरी रस्ता गुहागरकडे जातो, एक चढण मोहितेवाडीकडे आणि एक उतार बौद्धवाडीकडे. वर गौरव नवी पैरण घालून त्याची वाट बघत होता. पांढरी गाडी आली. मागच्या सीटवर यमुनाबाई, मांडीवर नारळ आणि फुलांची पुडी. तिने काचेतून हसून हात जोडले. गाडी थांबवून हर्षद एकटाच खाली उतरला, संदेशच्या खांद्यावर हात टाकून त्याला चार पावलं बाजूला घेऊन गेला.

"मोहिते, एक सांगू? मला माहीत आहे हो," तो हळू आवाजात म्हणाला. "करार करताना आधार कार्ड दिलंत ना तुम्ही? त्यावर वाडीसकट पत्ता आहे. मी पहिल्या वर्षापासून जाणून आहे. पण मी म्हटलं, माणूस चांगला, फॅमिली चांगली, आपण असलं काही मानत नाही. आईला मात्र कळता कामा नये. म्हणून तर त्या दिवशी मीच दीड दिवसाचं सुचवलं तुम्हाला."

संदेशची नजर गाडीतल्या यमुनाबाईकडे गेली.

"आता काय करू, तिने दर्शनाचं धरूनच ठेवलं. वर मोहितेवाडी आहे म्हणतात. तिथे ओळखीचं एखादं घर असेल तर पाच मिनिटं नेऊ तिला. तुम्ही पुढे उभे राहा, म्हणजे झालं. तुमचं घर कुठे जात नाही. मी आहे ना."

खरं तर याला नाही म्हणायचं कारणच नव्हतं. सगळी तयारी झालेली होती. याच चढणीवर, त्याच घरात, याच कामासाठी संदेश त्यांना घेऊन जायला आला होता. हो म्हटलं असतं तर मार्च काय, पुढची पाच वर्षं मिटली असती. पण त्याला एकदम राग आला. वर्षभर तो ज्या खोट्याने जळत होता, ते खोटं या माणसाने त्याला उसनं दिलं होतं, आणि वर उपकार म्हणून दिलं होतं! स्वतःचं खोटं कसंबसं गिळता येतं. दुसऱ्याने घास करून भरवलेलं कसं गिळायचं? इकडे गौरव म्हणतो माझं काही नाही, आईचं आहे. तिकडे हा म्हणतो माझं काही नाही, आईचं आहे. सगळ्यांचीच मनं मोठी, आणि लपायचं मात्र संदेशने.

"माझी आई खाली चहा ठेवून बसलीय," तो म्हणाला. "खाली चला. दोघंही चला."

"अहो, पण..."

"उतार आहे, पण गाडी जाते."

हर्षदने घड्याळ बघितलं. मग मान हलवून तो गाडीकडे गेला, खिडकीत वाकून आईला काहीतरी सांगितलं. यमुनाबाईच्या चेहऱ्यावर हळहळ उमटली, तिने लांबूनच पुन्हा हात जोडले, आणि गाडी गुहागरच्या रस्त्याने निघून गेली. काय सांगितलं असेल ते संदेशला ऐकू आलं नाही. पण त्याच्या वतीने आणखी एक काहीतरी सांगितलं गेलं होतं, एवढं नक्की.

घरी सहा कपबशा मांडून ठेवल्या होत्या. संदेशने झालं ते सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं आम्रपाली निदान बरं केलंत म्हणेल. वर्षभर तिने ज्यासाठी धुसफूस केली तेच त्याने केलं होतं. ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली. "गेला घर," ती म्हणाली. "माजा मशीन... पोरीचा टेबल..." संदेश हतबुद्ध झाला. "अगं, तूच तर म्हणत होतीस!" "म्हनत होते. म्हनून काय रडू नको?" चिमाआईने चहा पुन्हा गरम केला आणि चौघांनी तो प्यायला, दोन कप तसेच राहिले.

चारच्या सुमाराला फोन वाजला. खोलवलीत रेंज फक्त पडवीतल्या खिडकीत येते, त्यामुळे फोन तिथेच ठेवायचा आणि स्पीकर लावून मोठ्याने बोलायचं, ही प्रत्येक घरची पद्धत. फोनवर यमुनाबाई होती.

"मोहिते, रागावला नाहीत ना? हर्षद म्हणाला तुमच्याकडे आरतीची गर्दी आहे, आपण गेलो तर खोळंबा होईल. म्हणून पुढे आलो हो. दर्शन राहूनच गेलं. मनाला रुखरुख लागलीय. झालं का विसर्जन?"

आवाज अगदी मायेचा होता. म्हणजे घर अजून गेलं नव्हतं. हर्षदने दार उघडंच ठेवलं होतं. 'झालं हो काकू' एवढंच म्हणायचं, आणि मार्चपर्यंतचं सगळं जागच्या जागी. त्याने मागे बघितलं. चिमाआईला काहीच उमगलं नव्हतं. आम्रपालीचे डोळे सुजलेले, आणि ती मानेनेही काही सुचवत नव्हती, ना हो, ना नाही. तेजल भिंतीला टेकून उभी होती. ती वडिलांकडे अशी बघत होती की त्याला तिच्याकडे बघवेना.

"काकू, आमच्याकडे गणपती नसतो," तो म्हणाला. "आम्ही बौद्ध आहोत. सकाळी मी तुम्हाला चहाला घरी या म्हटलं होतं. ते तेवढं राहिलं."

पलीकडे कोणाच्या तरी घरातले टाळ ऐकू येत राहिले. मग यमुनाबाई म्हणाली, "आणि गेल्या वर्षी दीड दिवसाचा म्हणालात तो?"

"खोटं बोललो, काकू."

"हे बघा, जातपात आम्ही मानत नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, फक्त त्यातली माया गेली होती. "हर्षदचे कितीतरी मित्र आहेत तुमच्यातले. येतात, जेवतात. पण तुम्ही देवाच्या नावाने खोटं बोललात. माझ्या ओटीवर उभं राहून, माझ्या करंज्या हातात घेऊन. खोटं बोलणारी माणसं मला माझ्या घरात नकोत. हर्षद, ऐकलंस ना?"

"हो आई," हर्षदचा आवाज आला.

"काकू, एक मिनिट. दीड दिवसाचा हे आधी..." संदेश बोलायला गेला. फोन बंद झाला होता. त्याने पुन्हा लावला. पुन्हा लावला. अंधार पडेपर्यंत तो त्या खिडकीत उभं राहून फोन लावत होता आणि कोणी उचलत नव्हतं.

दिवाळीच्या आधी घर खाली करायला सांगितलं होतं, केलं. नवं घर मिळालं ते मिरजोळ्याला, टायरच्या दुकानाच्या वर. तेजलने वेळापत्रक अलगद सोडवून वहीत ठेवलं. शेवटच्या दिवशी टेम्पो निघाला आणि किल्ल्या घ्यायला हर्षद आला, एकटाच. संदेश पंधरा दिवस मनात एकच वाक्य घोळवत होता. पण आधी हर्षदच बोलला, आणि अगदी दुखावल्या सुरात बोलला.

"मोहिते, जरा ऐकलं असतंत तर ही वेळ आली नसती. मी तुमच्यासाठी किती सांभाळलं! दोन वर्षं स्वतःच्या आईशी खोटं बोललो."

संदेशने किल्ल्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. "मग एकदा त्यांना सांगा," तो म्हणाला. "दीड दिवसाचा हे पहिल्यांदा कोण म्हणालं, एवढंच सांगा. घर नको मला. फक्त त्या मला खोटारडा समजतात, ते नको."

हर्षदने त्याच्याकडे खरोखरच्या आश्चर्याने पाहिलं.

"आता कशाला?" तो म्हणाला. "घर तर रिकामं झालं ना."

आणि त्याने दाराला कुलूप घालून ते दोनदा ओढून पाहिलं.